निर्धूर चूल

आरोग्यखात्यातले ते गृहस्थ कोळवणला सायकलवरून येत. चपला अंगणातच काढून उंबऱ्याबाहेर उभे राहत आणि दर वाक्याला ‘पटलं तर बघा’ म्हणत. आणीबाणीत मात्र त्यांनीच माझ्या वडलांना नसबंदीच्या गाडीत बसवलं होतं. तेव्हा पटण्याचा प्रश्न नव्हता. पुढं आमच्या घरात पाळणा हलला नाही.

काही वर्षांनी ते बिनधुराची चूल घालून द्यायला गावात आले, तर कुणीच त्यांना दारात उभं केलं नाही. आईचा खोकला ऐकून ते आमच्याकडं पुन्हा आले.

वडील म्हणाले, “तुमच्या हातचं आमाला काय बी नगं.”

“माझ्यावरचा राग वहिनींवर काढू नका,” ते हळूच म्हणाले.

मग अंगणात बसून त्यांनी स्वतः माती मळली, चूल घातली, वर धुराचा नळ बसवला आणि काटक्या पेटवल्या. धूर नळातून सरळ वर गेला. आई दारातून बघत राहिली.

ते गेल्यावर वडलांनी कुदळीनं ती चूल फोडली. मला त्यांना चूक म्हणता आलं नाही.

दोन हिवाळ्यांनी आई गेली. ते गृहस्थ मयतीला आले आणि बांधावर लांबच उभे राहिले. वडलांनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं, पण जा म्हटलं नाही.