खणाची चिंधी बांधलेलं डाळिंब

माझा राग लवकर उतरत नाही. आई म्हणायची, हिचा राग म्हणजे तुराट्यांचा जाळ नव्हे, बाभळीचा निखारा आहे. चेन्नईत येऊन इतकी वर्षं झाली, रोज रसम-भात खाते, समुद्राचा वारा घेते, तरी निखारा तसाच. आणि कोयंबेडूच्या फळबाजारातल्या एका अडत्यासाठी तर मी तो मुद्दाम फुंकून जागता ठेवते.

माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, सोलापूरकडे डाळिंबाची बाग. दाजी शाळेत मास्तर, त्यामुळे बाग सगळी ताईच्याच अंगावर. चेन्नईत भाव बरा मिळतो म्हणून त्यांच्या भागातल्या गाड्या इकडे यायला लागल्या आणि ताईचा माल या अडत्याकडे येऊ लागला. पद्धत अशी, की माल आधी जातो आणि भाव मागाहून फोनवर कळतो. तिकडे बांधावर उभ्या असलेल्या बाईला हा इकडून सांगेल तेच खरं. बाजार कुठला, गिऱ्हाईक कोण, तिनं काही पाहिलेलं नाही. पिकवणारा एका टोकाला आणि भाव दुसऱ्या टोकाला, मधल्या रस्त्यावर मात्र याचंच राज्य.

तीन वर्षं तो तिला एकच सांगत आला. माल आतून काळा निघाला, निम्म्याहून जास्त फेकावा लागला. ताई म्हणायची, अहो, घरी फोडलेली फळं लालबुंद निघतात. त्यावर त्याचं उत्तर तयार असायचं, की तुमच्या बागेची जातच नाजूक, गाडीच्या उष्म्यानं वाटेतच सडते. मी जवळच अण्णा नगरात राहते, म्हणून एकदा जाऊन बसले त्याच्या दुकानात. त्यानं खुर्ची दिली, ज्यूस दिला, मला चारदा अम्मा म्हणाला आणि सडक्या डाळिंबांची एक पाटी पुढे आणून ठेवली. आता सडक्या फळावर काय मालकाचं नाव लिहिलेलं असतं? तशीच परत आले.

ताईनं औषधं बदलली, पाणी बदललं, माती तपासून आणली. काही गुण येईना. तिसऱ्या साली तिनं खालच्या अंगाची निम्मी बाग उपटून टाकली. चौथ्या साली म्हणाली, एवढा एक बहार बघते, हाही काळा निघाला तर दसऱ्याला जेसीबी लावून उरलेली काढते. जेसीबीवाल्याला तिनं सांगूनही ठेवलं होतं. आणि गाडी पोचल्यावर आठवड्यानं त्याचा फोन गेला की अख्खी गाडी काळी. ताई रडली नाही. मला फक्त म्हणाली, दसऱ्याला येऊ नकोस, तुला बघवायचं नाही.

आता ताईची एक रीत सांगते. हंगामाच्या पहिल्या क्रेटमध्ये अगदी वर ती एक देवाचं फळ ठेवते. त्याला हळदीकुंकवाची बोटं लावते आणि त्याच्या डोक्यावरच्या तुऱ्याला आईच्या जुन्या हिरव्या खणाची चिंधी बांधते. आई गेली तेव्हा तो खण ताईनं मागून घेतला होता. फळ बांधलं की दरवर्षी मला त्याचा फोटो पाठवते. त्या सालीही पाठवला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खंडेनवमी, इथे आयुधपूजा. अडत्याचं आमंत्रण होतं, दरवर्षी असतं. मी भांडायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू? बाजारात दारोदार केळीचे खांब उभे, रस्त्यावर कुंकू भरलेले कोहळे फोडलेले. याच्या दुकानात वजनकाट्याला चंदन लावून हार घातलेला. ज्या काट्यानं लोकांना नागवायचं त्यालाच हार! वरून कीर्तन, आतून तमाशा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आणि तेवढ्यात मला देवापुढच्या ताटात ते दिसलं. कुंकवाची बोटं लावलेलं, तुऱ्याला हिरव्या खणाची चिंधी बांधलेलं, टणटणीत डाळिंब.

मेल्यानं सगळी गाडी विकली होती, पण कुंकू लावलेलं फळ विकायची त्याची छाती झाली नाही. भाविक ना मोठा! माणसाला लुटताना हात कापत नाही, देवाला मात्र भितो.

आरती मी होऊ दिली. मग म्हटलं, अण्णा, ते फळ मला प्रसाद म्हणून द्या. त्यानं हसत हसत स्वतःच्या हातानं दिलं. मी ते त्याच्याच काट्यावर आपटून फोडलं. आत दाणे लालभडक, एकही डाग नाही. तिथे जमलेल्या एकेकाच्या हातावर मी ते ठेवले आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये मोठ्यानं विचारलं, हे ज्या गाडीतून आलं ती गाडी कुणी घेतली? एक ज्यूसवाला दाणे चघळत म्हणाला, आम्हीच. चिंधीचं फळ निघालं तेव्हा तो समोरच उभा होता, अडत्यानं ते डोळ्यांना लावून बाजूला ठेवलेलं त्यानं पाहिलं होतं. त्या गाडीचा माल फार गोड लागला, अजून आहे का, असंही त्यानं वर विचारलं.

अडत्याचा चेहरा उतरला. मी ताईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या तोंडापुढे धरला. म्हटलं, बोला, सगळ्यांसमोर बोला. तो हिंदीत पुटपुटला, "माल अच्छा था."

मला वाटलं, आता ही त्याला फाडून खाते, आणि ते ऐकायला माझे कान आसुसले होते. ती हळूच म्हणाली, "मग मागच्या साली उपटली ती झाडं?"

मी ते तमिळमध्ये सांगितलं. पुन्हा सांगितलं, दुकानाबाहेरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्यानं हात जोडले. हात जोडले की सुटलो असं वाटतं यांना.

जेसीबी आला नाही, वरच्या अंगाची बाग राहिली. ताईचा माल आता दुसरीकडे जातो. त्याचं दुकान मात्र तसंच जोरात चालू आहे, कारण गाड्या पाठवणारे सगळे लांब आणि मी एकटी जवळ.

म्हणून दर आयुधपूजेला मी जाते. ताईकडून एक डाळिंब मागवते, त्याला कुंकू लावून, चिंधी बांधून, भरल्या दुकानात सगळ्यांदेखत त्याच्या हातात ठेवते. बोलत काहीच नाही. देवाचं फळ, त्याला विकताही येत नाही आणि टाकताही येत नाही. खाली मान घालून तो ते काट्याशेजारी मांडतो. ताई म्हणते, आता पुरे कर. पण गेल्या खेपेला मी तिच्याकडून खणच मागून आणला. अजून बराच उरलाय.