दाराची मागची बाजू

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळही नाही. किराण्यापासून औषधांपर्यंत सगळ्याच्या याद्या करणारी बाई मी — पण हे कुठेच टिपलेलं नाही.

तुमच्या कथांत इतके बारीक तपशील कुठून येतात, असं लोक विचारतात. मी म्हणते, संग्रहालयातून. खोटं नाही ते. ऐंशीच्या दशकात काही वर्षं मी चंद्रपूरच्या एका लहानशा कलासंग्रहालयात नोंदी करत होते. वस्तू आली की मोजायची, पालथी करून बघायची, चिरा आणि डाग लिहायचे. मग बघणाऱ्यांसाठी चार ओळींची पाटी. लिहायला मी तिथेच शिकले. माणूस कुठल्या शब्दापाशी थांबतो, ते मी खांबाआडून बघायची.

‘अज्ञात’पाशी थांबतो.

चामोर्शीकडे एक जुनं घर पाडलं, त्याचं कोरीव सागवानी दार आम्ही आणलं. हरणं, मोर, घागर घेतलेली बाई. कुणी कोरलं, हे विचारायचं मी विसरले — मी! रकाना रिकामा दिसू नये म्हणून लिहून टाकलं: ‘अज्ञात कारागीर, अंदाजे शंभर वर्षांपूर्वी.’ लोक दारापुढे रेंगाळू लागले. संग्रहालयाच्या साहेबांनी ती ओळ पुस्तिकेत छापली. मला लाज वाटली का? नाही. आनंद झाला.

मग एका दुपारी सुखदेवभाऊ आले. पन्नाशीचे असतील. आडनाव मी तेव्हाही विचारलं नाही.

“बाई, हे दार माह्या हातचं आहे. सुतारकाम शिकवाले मले एका केंद्रात घेऊन राह्यले, पण पुरावा मांगतात. एक चिठ्ठी लिहून द्या ना.”

आमचा शिपाई हसला. “शंभर वर्साचे दिसत तं नाई तुमी, भाऊ!”

“लाकूड म्हातारं होतं, बाबू. मी नाई.” तेही हसले. मग माझ्याकडे वळले. “मांगच्या बाजूनं पाहा, बाई. खालच्या कोपऱ्यात गाठ होती. ते काढून मी गोल चकती बसवली. पलटवून पाहा.”

ती चकती मी पाहिली होती. दार आलं त्या दिवशी बोट फिरवून, मोजून, माझ्याच अक्षरात तिची नोंद केली होती. भिंतीला लागलेली ती बाजू बाहेरच्या कुणाला दिसणं शक्य नव्हतं. मग आणखी कसला पुरावा हवा होता मला?

“मागे काही नाही,” मी म्हणाले. “आणि दार भिंतीत पक्कं बसवलंय, निघत नाही.”

चार स्क्रू होते.

“काऊन असं म्हणता, बाई?” एवढंच ते म्हणाले, आणि गेले. केंद्रातली जागा दुसऱ्याला मिळाली. सुखदेवभाऊ घुग्घुसला खाणीवर वॅगनमध्ये कोळसा भरायला लागले.

पुढचं सांगणं जास्त अवघड आहे. त्याच वर्षी मी पहिली कथा लिहिली — एका सुताराची, दाराची, मागच्या चकतीची. त्यांचं ते लाकडाचं वाक्यही उचललं. पण माझ्या कथेतली कारकून बाई दार उलटवते. चिठ्ठी लिहून देते. वाचकांची पत्रं आली: किती सच्ची आहे ती बाई! मी ती पत्रं तारखेप्रमाणे लावून ठेवली.

दोन वर्षांनी सुखदेवभाऊ पुन्हा आले, तिकीट काढून. उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. वॅगनच्या दारात गेली, म्हणाले. पाटी अजून तीच होती. मी जवळ गेले — का गेले, कोण जाणे.

“आता चिठ्ठी नको, बाई,” ते म्हणाले. “आता शिकवाले हातच नाई. नुसतं पाहाले आलो.”

मी पाणी विचारलं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

ते गेल्यावर पाटी बदलायला दहा मिनिटं पुरली असती. त्या दुपारी मी नव्या आलेल्या मडक्यांच्या नोंदी पूर्ण केल्या.