उलट्या घडीचा पेपर

ती घरफोडी फार मोठी नव्हती. तरी सकाळी पेपर हातात घेतला की नोकरीतल्या साऱ्या खून-दरोड्यांच्या आधी आजही तीच आठवते.

टेंभुर्णी तेव्हा माझ्या ठाण्याच्या हद्दीत होतं. तिथल्या बाजारपेठेतलं एक मारवाडी कुटुंब महिनाभराच्या तीर्थयात्रेला गेलं होतं. परत आले तर मागच्या दाराची कडी तोडलेली आणि देव्हाऱ्यातल्या चांदीच्या मूर्ती, ताटं-वाट्या गायब. पंचनाम्याला मी स्वतः गेलो. स्वयंपाकघरात चहाची खरकटी भांडी होती आणि दिवाणावरची चादर चुरगळली होती. चोर चक्क पाहुण्यासारखा राहून गेला होता. घर बंद आहे एवढं कुणालाही दिसतं, पण घरचे लोक इतक्यात येणार नाहीत हे याला पक्कं ठाऊक होतं.

"किती दिवस जाणार ते कुणाकुणाला सांगितलं होतं?" मी शेठजींना विचारलं.

"शेजाऱ्यांना नुसतं गावाला जातो म्हणालो, साहेब. महिनाभर पेपर टाकू नका, असं बराबर त्या पेपरवाल्यालाच सांगून गेल्तो. दुसऱ्या कुणाला बिलकुल न्हाई."

त्या पेपरवाल्याला गावात सगळे पेपरवाले काका म्हणत. उजाडायच्या आत स्टँडवर जीपमधून गठ्ठे पडायचे. काका ते फोडायचे, प्रत्येक अंकात पुरवणी सरकवायचे आणि मोटारसायकलवरून दारोदार टाकायचे. गावाला जाणारा माणूस कुलूप लावायच्या आधी पेपर बंद करायला सांगतो. म्हणजे कुणाचं घर किती दिवस रिकामं, हे आमच्या बीट हवालदारापेक्षा काकांनाच जास्त ठाऊक. त्यांना चौकशीला बोलावणं भाग होतं.

काका आले, बाकड्यावर बसले. मी आडून विचारलं, सरळ विचारलं, आवाजही चढवला. त्यांचं उत्तर एकच.

"साहेब, सगळ्या गावाचं मला ठाऊक असतं. म्हणून तर तोंड बंद ठेवतो. ज्या दिवशी उघडीन, त्या दिवशी माझा धंदा बसला."

त्याच दुपारी एका दैनिकाचा वार्ताहर नेहमीप्रमाणे ठाण्यात चक्कर टाकायला आला. काकांना बाकड्यावर बघून त्याने कान टवकारले. "चौकशी चालू आहे, नाव छापू नका," असं मी त्याला स्पष्ट बजावलं. तो मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर ठळक मथळा होता, 'घरफोडीत पेपर विक्रेत्यावर संशयाची सुई'. खाली काकांचं नाव, गाव आणि 'विश्वसनीय सूत्रांनी सांगितले' हे वाक्य. सूत्र कसलं, आमच्या व्हरांड्यातलं बाकडं!

पण तो अंक ठाण्यात कुणी आणला, हे सांगायला हवं. काकांनीच आणला. रोजच्या वेळेला आले, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर पेपर ठेवला आणि निघाले. मी त्यांना थांबवलं.

"काका, वाचलं का?"

"गठ्ठा फोडला तव्हाच वाचलं."

"आणि तरी सगळ्या गावात वाटून आलात?"

"एक घर चुकवलं न्हाई साहेब. माझं नाव आलं म्हणून गठ्ठा लपवला असता, मंग तर मी खरंच चोर." जाता जाता म्हणाले, "आज लोक दार अडवून उभे राहून माझ्या हातून पेपर घेऊन राह्यलेत. कालपर्यंत म्हणायचे, काका, खिडकीतून आत टाका."

चोर मी आयुष्यभर पाहिले. आपल्या विरुद्धचा कागद चोर दडवतो, फाडतो, नाहीच म्हणतो. स्वतःच्या बदनामीचा गठ्ठा दारोदार पोचवणारा चोर मी तरी पाहिला नव्हता. अर्थात माझ्या मनाला काय वाटतं, ते कोर्टात चालत नाही. तिकडे काकांकडचे पेपर एकेका घरानं बंद करायला सुरुवात केली. पहिले शेठजीच.

मग खबर आली ती राजूरहून. तिथल्या गणपतीला चतुर्थीच्या गर्दीत एक माणूस सराफाला चांदीचं ताट दाखवत होता, भाव न विचारता देतो म्हणत होता. आमच्या खबऱ्याला तेच खटकलं. आम्ही त्याला ताब्यात घेतलं. भोकरदन तालुक्यातला जुना घरफोड्या निघाला. मुद्देमाल त्याच्या घरात तुरीच्या पोत्यात सापडला. गुन्हा त्याने लगेच कबूल केला. माझा प्रश्न मात्र वेगळा होता.

"ते महिनाभर येणार नाहीत, हे तुला कुणी सांगितलं? पेपरवाल्यानं?"

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "कोण पेपरवाला? पेपरातच आल्तं की साहेब! राजूरला भजे खाऊन राह्यलो व्हतो, त्या कागदावर फोटू व्हता. सगळं घर गळ्यात हार घालून उभं. महिनाभर जाणार म्हणून खाली छापलं व्हतं. गावाचं नाव बी व्हतं."

मी जुने अंक मागवले. खरंच होतं. त्याच दैनिकात, त्याच वार्ताहराने, चौकट टाकून दिलेली बातमी होती. 'व्यापारी कुटुंब महिनाभराच्या तीर्थयात्रेस रवाना, मित्रमंडळातर्फे शुभेच्छा.' आमच्याकडे अशा बातम्या हौसेनं छापून येतात. फोटोतली माणसं अंक विकत घेतात, नातेवाइकांना पाठवतात आणि विसरून जातात; शेठजीही विसरले होते. आम्ही पोलीस फक्त गुन्ह्यांच्या बातम्यांची कात्रणं ठेवतो, हार-तुऱ्यांची कोण ठेवणार?

वार्ताहराला बोलावून दोन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्याचा चेहरा उतरला.

"फोटो शेठजींनीच दिल्ता, साहेब."

"छापला कुणी? कोण, काय, कुठे, कधी, का, कसे, हे प्रश्न तुमच्याही धंद्यात आहेत ना? सगळ्या जिल्ह्याला तुम्ही सांगितलंत, आणि नाव त्या माणसाचं घातलंत ज्यानं एकालाही सांगितलं नाही."

तो वाईट माणूस नव्हता. संपादकांशी बोलून त्यानं खुलासा छापून आणला. पण कसा? आतल्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीखाली, चार ओळी. अंक त्यानंच सकाळी आणून दाखवला; वाचून मला संताप आला. बदनामी झाली ठळक मथळ्यात, आणि काका निर्दोष ठरले ते भिंग लावून शोधावं इतक्या बारीक अक्षरात.

तेवढ्यात काका आले. त्यांनी टेबलावर ठेवलेला पेपर उलट्या घडीचा होता. पहिलं पान आत आणि आतलं पान वर, त्या चार ओळी अगदी डोळ्यांसमोर.

"सगळ्या गावात असाच?" मी विचारलं.

"ज्यांनी बंद केला, त्यांच्या बी दारात. आजचा खर्चा माझा." त्यांचे डोळे भरून आले होते. "शेठाणीबाईंनी वाचला, मंग म्हणल्या, काका, उद्यापासून पेपर चालू करा, आन् रोजच्यासारखा खिडकीतून आत टाका."

मला उठून त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी तो धरला. खात्याच्या गणवेशात असं फार वेळा केलं नाही.

चौकशी आणि आरोप यांत किती अंतर आहे, हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. ते अंतर एका माणसाला दारोदार फिरून कापावं लागतं, हे काकांनी शिकवलं. तेव्हापासून मी पेपर आतून उघडतो. मथळे काय, गाव वाचूनच दाखवतं. आधी तशा चार ओळी शोधतो.