ओरिजिनल कपाटाबाहेर येत नाही

अकरावीच्या ॲडमिशनच्या खिडकीमागे तुम्ही कधी बसलाय का? मी सतरा वर्षं बसलो. नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात, टेबलफॅनच्या वाऱ्याने फॉर्म उडू नयेत म्हणून त्यांवर जेवणाचा डबा ठेवून. बाहेरच्या माणसाला वाटायचं, आपण आत नुसता फॉर्म सरकवतोय. पण फॉर्मबरोबर घरातलं अर्धं भांडणही आत यायचं. ऑगस्टात फॉर्मचे गठ्ठे बांधून आम्ही माळ्यावर टाकायचो. भांडणं ठेवायला माळा नव्हता, ती माझ्याकडेच साठली. मित्र म्हणतात, तू वाढवून सांगतोस. वाक्यं थोडी वाढवतो, कबूल. माणसं होती तेवढीच आहेत.

हे सगळे किस्से एकाच उन्हाळा-पावसाळ्याचे, नव्वदीच्या मध्यावरचे. तेव्हा ऑनलाइन वगैरे काही नव्हतं. प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा, लिस्ट वेगळी. आमच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, दुसरं कॉलेज. त्यामुळे जूनमध्ये अर्धा जिल्हा रस्त्याच्या मधोमध उभा राहून 'इकडे का तिकडे' करत असायचा. निकाल लावायचा तो एकच कागद, शाळा सोडल्याचा ओरिजिनल दाखला. झेरॉक्स हव्या तेवढ्या काढा, ओरिजिनल एकच. ते ज्या कॉलेजात जमा, पोरगं त्या कॉलेजचं.

आमच्याकडे ते दाखले हेडक्लार्क भाऊसाहेबांच्या लोखंडी कपाटात जायचे. भाऊसाहेबांचा नियम एका ओळीचा होता, "प्राचार्यांच्या सहीशिवाय ओरिजिनल कपाटाबाहेर येत नाही."

*

लासलगावचे एक कांदा व्यापारी पोराला घेऊन आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि दोन्हींवर कांद्याची सालं. प्राचार्यांनी मोठ्या कौतुकाने त्यांना गुणवंतांचा बोर्ड दाखवला. शेठनी तो वरून खालपर्यंत वाचला.

"साहेब, हा वरचा थर झाला. ट्रॉलीत वर सगळेच मोठा कांदा लावतात. बारकी गोल्टी खाली असती. तळचा माल दाखवा."

म्हणजे काय, ते आम्हाला कळेना. शेठना कॉलेजातला सगळ्यात शेवटचा विद्यार्थी बघायचा होता! शिपायाने तो कँटीनमधून शोधून आणला. बारावीत दोनदा आपटलेला, भजी खात होता, तसाच आला. शेठनी त्याला दरडावून विचारलं, मास्तर लोक शिकवत नाहीत का म्हणून.

तो म्हणाला, "शिकवतात ना काका. मीच नसतो."

शेठनी तिथल्या तिथे पेन काढलं. "तळ खोटं बोलत नाय. आमचं पोरगं इथंच टाका."

दोन वर्षांनी त्यांच्याच ओळखीचे दुसरे एक व्यापारी आले आणि त्यांनीही तळचा माल मागितला. शिपाई कँटीनमध्ये गेला आणि शेठच्याच पोराला घेऊन आला.

*

इगतपुरीहून एक रेल्वेवाले यायचे. पॉइंट्समन. ड्यूटी संपली की थेट पॅसेंजरने नाशिक, काखेत लाल-हिरव्या झेंड्यांची गुंडाळी तशीच. मुलीला रोज येऊन-जाऊन शिकवायची होती. त्यासाठी हा माणूस तीन दिवस दोन्ही कॉलेजांच्या मधे घड्याळ घेऊन उभा राहिला. घंटा कधी होते, सर कधी आत शिरतात, सगळं वहीत टिपलं. चौथ्या दिवशी फॉर्म आमच्याकडे दिला.

प्राचार्यांची कॉलर ताठ झाली. त्यांनी कारण विचारलं.

"समोर तास टायमावर सुरू होतो, साहेब. तुमच्याकडं दहा मिनिटं लेट. आमची पॅसेंजर पण दहा मिनिटं लेट असते. तुमचंच कॉलेज बरोबर लागतं."

*

एका डॉक्टरांचा मुलगा चांगला नव्वदच्या घरात मार्क घेऊन आला आणि म्हणाला, मला आर्ट्स घ्यायचंय. डॉक्टरांच्या घरी दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण. तिसऱ्या दिवशी ते एकटेच माझ्याकडे आले. उद्या मुलाला घेऊन येतो, तुम्ही फक्त आर्ट्स फुल झालंय एवढं म्हणा, अशी त्यांची विनंती. बिचाऱ्यांचा चेहरा बघून मी हो म्हणालो. असल्या कामांना मला फार आग्रह करावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक खिडकीत. मी ठरल्याप्रमाणे हळहळलो. "अरेरे, आर्ट्स कालच फुल झालं रे."

पोरगा माझ्या डोक्याच्या वरून कुठेतरी बघत होता.

"काका, तुम्ही थोडं सरकता का?"

मी सरकलो. मागे फळ्यावर खडूने लिहिलं होतं : आर्ट्स, जागा शिल्लक. हस्ताक्षर माझंच.

डॉक्टरांनी फळा वाचला, पोराकडे बघितलं, आणि आर्ट्सचा गुलाबी फॉर्म मागितला. सही करताना एवढंच म्हणाले, "चष्म्याचा नंबर तरी माझ्यावर गेला नाही."

*

भाऊसाहेबांचा नियम सगळ्यांना सारखा होता हे सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला पटायचं नाही.

त्या वर्षी त्यांची स्वतःची मुलगी दहावी झाली. आमच्याकडे नाव लागलं, दाखला बापाच्या कपाटात गेला. मग तिच्या मैत्रिणीला समोरचं कॉलेज मिळालं आणि हिलाही तिकडे जायचं झालं. भाऊसाहेबांनी तिला रांगेत उभं केलं, अर्ज लिहायला लावला, समास सोडला नाही म्हणून परत लिहायला लावला. अर्ज सहीसाठी आत गेला. प्राचार्य सह्या करायचे आठवड्यातून दोनदा.

संध्याकाळी जेवताना पोरीने विचारलं, "बाबा, माझ्या दाखल्याचं काय झालं?"

भाऊसाहेबांनी आमटी भुरकली. "खिडकी अकरा ते पाच उघडी असते."

*

आता हिराचं सांगतो.

हिरा पेठकडच्या डोंगरातली. वडील द्राक्षाच्या हंगामात नाशिकला मजुरीला येणारे, बाकी वर्षभर भात आणि नागली. पोरीला सायन्स पाहिजे होतं. आमच्या सायन्सच्या लिस्टमध्ये ती थोडक्यात हुकली. गावच्या मास्तरांनी सल्ला दिला, हातातलं सोडू नका. म्हणून बापाने आमच्याकडे आर्ट्सला नाव घातलं आणि ओरिजिनल जमा केलं. भाऊसाहेबांनी कपाट लावलं.

शेवटच्या दिवशी समोरच्या कॉलेजची शेवटची लिस्ट लागली. सायन्सला सगळ्यात खालचं नाव हिराचं.

बापलेक आमच्या खिडकीत आले तेव्हा चार वाजले होते. पाचपर्यंत ओरिजिनल समोर पोचलं तर सीट हिराची, नाहीतर वेटिंगवरच्या पुढच्याची. तिकडच्या हेडक्लार्क पाटणकर मॅडम भाऊसाहेबांच्याच वळणाच्या. त्यांचा नियम, "ओरिजिनल माझ्या ऑफिसात आल्याशिवाय नाव रजिस्टरला चढत नाही."

आणि आमचे प्राचार्य पुण्याला मीटिंगला. उपप्राचार्य त्यांच्याच जीपमध्ये. मोबाइल तेव्हा कुणाकडे नव्हते.

मी भाऊसाहेबांच्या कानाशी लागलो. म्हटलं, साहेबांची सही मला हुबेहूब जमते.

"तुमच्या सहीने तुम्ही आत जाल," भाऊसाहेब म्हणाले. "दाखला बाहेर येणार नाही."

मग पळत समोर जाऊन आलो. मॅडमना म्हटलं, उद्या आणून देतो, एक दिवस थांबा. मॅडमनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

हिराचे वडील खिडकीची चौकट धरून उभे होते. एवढंच म्हणाले, "मास्तरनी सांगितलं तसंच केलं, साहेब. आमचं काय चुकलं?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि हिराला विचारलं, "सायन्सच कशाला?"

पोरगी पहिल्यांदा बोलली. "औषधांच्या दुकानाचं शिकायला सायन्स लागतं. आमच्याकडं साधी गोळी आणायची तरी पेठला जावं लागतं. येष्टीनं सबंध दिवस जातो. तवर माणूस तसाच पडून राहतो."

चार वाजून वीस मिनिटं. भाऊसाहेब उठले. कपाटाला कुलूप आहे ना ते ओढून बघितलं, किल्ली खिशात टाकली, आणि खिडकीतून बाहेर डोकावले. बाहेर लासलगावचे शेठ हॉस्टेलवर पोराची गादी आणि पेटी उतरवून चहा पीत होते, दोन हमाल बरोबर. पलीकडे इगतपुरीचे पॉइंट्समन पोरीच्या पासाचा सवलत फॉर्म घेऊन उभे.

भाऊसाहेब म्हणाले, "शेठ, तुमची माणसं द्या जरा. कपाट उचलायचंय."

कुणाला काही कळलं नाही. हमालांनी कपाट हलवून पाहिलं आणि ते आधी रिकामं करा म्हणाले.

"रिकामं करायचं म्हणजे बाहेर काढायचं. ते नियमात बसत नाही. भरलेलंच उचला."

दोन हमाल, शिपाई, मी, हिराचे वडील. शेठ मागून ओरडत होते, "बुडाला हात घाला, बुडाला!" पाऊस भुरभुरत होता, म्हणून शेठनी पिकअपवरची ताडपत्री कपाटाला पांघरली. रस्त्यावर पॉइंट्समनने लाल झेंडा धरला. दोन रिक्षा, एक बस आणि भाजीची हातगाडी, सगळे जागच्या जागी उभे राहिले. मग त्याने हिरवा दाखवला आणि आमचं कपाट रस्ता ओलांडून गेलं. पुढे भाऊसाहेब, हातात छत्री, ती कपाटावर धरलेली. सगळ्यात मागे हिरा, दप्तर छातीशी.

पाचला सात मिनिटं असताना कपाट पाटणकर मॅडमच्या टेबलासमोर टेकलं. भाऊसाहेबांनी कुलूप उघडलं. वरच्या कप्प्यात, सगळ्यांना दिसेल असा, हिराचा दाखला.

मॅडमनी कपाट बघितलं. मग भाऊसाहेबांना बघितलं.

"ओरिजिनल माझ्या ऑफिसात आलंय," मॅडम म्हणाल्या.

"आलंय. आणि कपाटाबाहेर आलेलं नाही," भाऊसाहेब म्हणाले.

मॅडमनी रजिस्टर पुढे ओढलं. "मुली, पूर्ण नाव सांग. वडिलांचं आधी नको, तुझं आधी."

कपाट कुलूप लावून त्याच संध्याकाळी तसंच परत आणलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्य पुण्याहून आले. भाऊसाहेबांनी हिराचा अर्ज रीतसर पुढे ठेवला, साहेबांनी रीतसर सही केली. पेनला टोपण लावता लावता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. फरशीवर वर्षानुवर्षांचा स्वच्छ चौकोन, आणि कपाट त्याच्यापासून चांगलं हातभर डावीकडे.

"भाऊसाहेब, हे कपाट एवढं सरकलं कसं?"

भाऊसाहेबांनी फाइलमधून मान वर केली नाही.

"ॲडमिशनची गर्दी फार होती, साहेब."