पेन खाली, चाळीस मिनिटं झाली

इथे ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये दर शनिवारी सकाळी माझ्या डायनिंग टेबलावर चार मुलं कॉलेज एन्ट्रन्सच्या निबंधाची प्रॅक्टिस करतात. विषय मिळाला की चाळीस मिनिटांत एक बाजू घेऊन लिहायचं, बस. मी नाशिकला इंग्रजी शिकवायचे, म्हणून हे माझ्या गळ्यात पडलं. मुलांचा त्रास नाही हो, आईबापांनी डोकं उठवलंय. एकेक किस्से इतके साठलेत की नवरा म्हणतो, "आता गॅरेजमध्ये ठेव."

*

पहिल्याच शनिवारी ईशानच्या आईने, वैशालीने, त्याच्यासोबत पट्टी पाठवली. समास आखायला! ईशानने समास आखला, शीर्षकाखाली दोन रेघा मारल्या आणि कोऱ्या कागदाकडे बघत बसला.

मी फोन केला, "अगं, इथे समासाला मार्क नाहीत."

"असू दे ना ताई, इम्प्रेशन पडतं."

*

मग वैशालीने त्याच्याकडून 'मोबाइलचे फायदे' हा एक निबंधच पाठ करून घेतला. कुठलाही विषय येऊ दे, तिकडे वळव म्हणाली. त्या आठवड्यात मी विषय दिला, शाळेत खेळ सक्तीचे असावेत का? ईशानने दोन ओळी खेळावर लिहिल्या आणि पुढे पानभर मोबाइलचे फायदे.

"अरे, यात मोबाइल आला कुठून?"

"कोचच्या खिशातून, मावशी."

मी चहा टाकायला उठले. दुसरं काय करणार.

*

रेवाचा बाबा सतीश चिप कंपनीत इंजिनियर. तिला सोडायला येतो आणि जातच नाही. माझ्या किचनमध्ये, माझाच चहा पीत, फोनवर टायमर लावून बसतो. कोणी सांगितलंय का? नाही. "दहा मिनिटं राहिली," असं ओरडून मुलांना दचकवतो आणि शेवटी "पेन खाली!"

एकदा ईशान गयावया करत म्हणाला, "काका, प्लीज, एकच शब्द."

"एक्झाममध्ये काका नसतात," सतीशने कागद ओढून घेतला.

*

रेवा सगळ्यांत छान लिहिते आणि तिलाच सगळ्यांत कमी मार्क, कारण ती बाजूच घेत नाही. प्रत्येक पॅराग्राफ "ऑन द अदर हँड"ने सुरू. मी वैतागून विचारलं, "बाई, तुझं स्वतःचं मत काय?"

"घरी आई आणि आजी दोघींना यू आर राइट म्हणावं लागतं, मावशी. सवय झालीय."

तिला समुद्री जीवशास्त्र शिकायचंय आणि ॲरिझोनात समुद्र नाही. किनाऱ्यावरच्या ज्या कॉलेजात तिला जायचंय, ते या निबंधाचे मार्क बघतं. सतीशला ती घरून जाऊन-येऊन शिकायला हवीय. "आधी स्कोअर आण, मग बघू," एवढंच तो म्हणतो. आणि वर हाच माणूस दर शनिवारी किचनमधून ओरडतो, "रेवा, ठाम लिही! एक बाजू घे आणि सोडू नकोस!"

पोरीची मला फार काळजी वाटायची.

*

गेल्या शनिवारी मी विषय दिला, कॉलेजसाठी मुलांनी घर सोडावं का?

रेवाने मान वर न करता लिहिलं. एकही "ऑन द अदर हँड" नाही. बाकीची मुलं गेल्यावर सतीशने तो निबंध उभ्या उभ्या वाचला.

"स्ट्रक्चर चांगलं आहे," तो म्हणाला. परत वाचला. "पण हे पटत नाही मला."

रेवाने कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "मग दुसरी बाजू तू लिही, बाबा. फोर्टी मिनिट्स." त्याचाच फोन उचलून तिने टायमर लावला.

मला वाटलं, हसून सोडून देईल. पण सतीश खुर्ची ओढून बसला. ईशानची विसरलेली पट्टी घेऊन त्याने समास आखला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. चहा तसाच गार झाला. मी कप उचलायला गेले तेव्हा कागद दिसला. वर चार ओळी होत्या, त्यातल्या तीन खोडलेल्या. खाली नवा पॅराग्राफ सुरू केला होता, "ऑन द अदर हँड".

टायमर वाजला.

"पाच मिनिटं दे गं," सतीश म्हणाला.

रेवाने टायमर बंद केला.

"पेन खाली, बाबा."