न सुटणारी मूठ

इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत तिला सगळे ताई म्हणत आणि तिच्या जोडीदारणीला तोफ. मोठ्या चादरीची घडी घालायला दोघी लागतात. दोन-दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, समोरासमोर चालत यायचं. एकीने टोकं द्यायची, दुसरीने घ्यायची. देणारीने वेळेवर सोडायचं, एवढंच काय ते कसब. देणारी नेहमी ताई.

मग बॉयलर फुटला. जादा वाफ सोडणारी झडप फार किंचाळते, शेजारच्या ऑफिसला त्रास होतो, म्हणून मालकाने ती तारेने आवळली होती. तोफ बॉयलरच्या बाजूला होती. तिचा चेहरा आणि मान भाजली. ताईला ओरखडाही नाही.

काही महिन्यांनी ताई कामावर परतली, तर घडी घालताना मूठ उघडेना. नवी जोडीदारीण टोकं ओढून दमली.

“ताई, सोडा की! चादर काय माहेरहून आणलीत?”

सगळ्या हसल्या. ताईच्या पाठीला घाम फुटला.

घरी चहाच्या पातेल्यातून वाफ उठली तरी तिचे खांदे कानाला लागत. जाऊबाई म्हणाल्या, “देवाने वाचवलं ना? हात जोड आणि विसर.”

“रोज जोडते. वाचवलं देवानेच. पण तार काही देवाने बांधली नव्हती.”

मालकाने तर कहरच केला. “एक्स-रे स्वच्छ आहे. नाटकं पुरे. सोमवारी चौकशीचे साहेब येतील, त्यांना सांग, सगळं अचानक झालं. नाहीतर घरी बस.”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. “हात धडधाकट आहे. स्फोट संपला, हे त्याला अजून पटलेलं नाही. बोटं ओढू नका. पाय जमिनीवर रोवा, श्वास लांब सोडा. आणि जोडीदारणीला भेटा.”

भेटायचंच तर राहिलं होतं. ‘नको जाऊस, त्रास होईल’ म्हणून घरच्यांनी अडवलं होतं. ताई त्याच पावली तोफेच्या घरी निघाली.

“आलीस? मला वाटलं, मेलीस!” तोफ दारातच कडाडली. “मान वर कर. मी रोज आरशात बघते, तू एकदा बघ.”

ताईने बघितलं. मग मालकाचं बोलणं सांगितलं. तोफेने चार शिव्या हासडल्या, दोरीवरची चादर ओढली. “धर.”

झटका, पावलं, आणि मूठ पुन्हा गच्च. तोफेने ओढलं नाही. नुसती उभी राहिली.

“शेवटचं काय आठवतं तुला?”

“चादर. तुझ्या हातातून सुटली. मी तुला ओढून घ्यायला हवं होतं.”

“सुटली नाही गं बाई, मी सोडली! खाली झोकून द्यायला. धरून बसले असते तर डोळेही गेले असते.”

ताईने पाय रोवले. श्वास सोडला. करंगळी हलली, मग बाकीची बोटं. आणि मग ती रडली नाही, संतापली. इतके महिने स्वतःवर काढलेला राग मालकाच्या नावावर लागला.

सोमवारी दोघी गेल्या. तोफ पदर न घेता, भाजलेला चेहरा उघडा ठेवून.

“तू कशाला आलीस?” मालक तोफेवर खेकसला.

“जोडीने काम केलं, जोडीनेच सांगणार.”

ताई साहेबांपुढे बसली. तार कोणी आणली, कोणी आवळली, नको म्हणणाऱ्या कामगाराला कोण काय बोललं, सगळं सांगू लागली. मधेच आतून वाफेचा फुत्कार आला. मूठ पुन्हा आवळली, बोलणं तुटलं. मालक गालात हसला.

ताईने मूठ तशीच टेबलावर ठेवली.

“थांबलात का, साहेब? लिहा. अजून बरंच आहे.”