ठमीचं स्थळ

माझ्या बायकोच्या मानलेल्या भावाएवढा संशयी माणूस अख्ख्या नाशकात झाला नाही, आणि नाशिक हे काही भोळ्या लोकांचं गाव नव्हे. जकात नाक्यावर त्याची नोकरी. ट्रक थांबला की कांद्याच्या पोत्यात सळई खुपसायची आणि खाली दुसरं काय दडवलंय ते बघायचं. जन्मभर तेच केल्यामुळं त्याला कुठलीच गोष्ट वरून बघून पटायची नाही. बाजारात मेथीची जुडी सोडून बघायचा. देवळात प्रसाद मिळाला तरी पेढा मोडून आत डोकवायचा. भाऊबीजेला आमच्याकडं जेवायला यायचा, बायको ओवाळून चहा द्यायची, तर तोसुद्धा हुंगल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. ती हसायची. "विष नाही रे घातलं," म्हणायची. "ताई, तुझ्यावर संशय नाय. दूधवाल्यावर हाय," असं म्हणायचा आणि बघायचा मात्र माझ्याकडं.

ठमी ही नाक्यावरची कुत्री. आणीबाणी उठली त्या साली कुणा ट्रकवाल्यानं तिला तिथं उतरवली आणि निघून गेला. मागून आलेल्या गाडीनं तिचा पाय मोडला. ह्यानं हळद लावून, बांबूच्या कामट्या बांधून तो पाय बसवला. वाकडा बसला, पण बसला. पुढं ती त्याच्याच टेबलाखाली म्हातारी झाली. मग हा रिटायर व्हायला आला, आणि त्याच्या जागी येणाऱ्यानं आधीच सांगून टाकलं, कुत्रं इथं चालणार नाही. ह्याचं बिऱ्हाड पंचवटीत, वरच्या मजल्यावर. जिना शिडीसारखा उभा, त्यात त्याच्या बायकोला दमा. म्हणजे नोकरी संपायच्या आत ठमीला कायमचं घर मिळालं नाही, तर ती पुन्हा रस्त्यावर.

त्याला लेक नव्हती, त्यामुळं स्थळं बघायची सगळी हौस त्यानं इथं भागवून घेतली. निफाडचा एक द्राक्षवाला तिला न्यायला तयार होता. हा एसटीनं जाऊन बाग बघून आला. "साखळी नवी कोरी हाय, दाजी. मग जुन्या साखळीचं कुत्रं कुठं गेलं?" स्थळ मोडलं. इगतपुरीच्या एका मास्तरीणबाईंनी स्वतःहून मागितली. "तिथल्या पावसात तिचा पाय आखडंल. अन् बाई लय गोड बोलती. गोड बोलणाऱ्याच्या ट्रकात खाली कायतरी असतंच." तेही मोडलं.

त्याच सुमाराला माझी बायको गेली. दिवसकार्य झालं, पोरगी सासरी गेली, आणि हा एक दिवसाआड माझ्या घरी यायला लागला. यायचा, बसायचा नाही. भिंतीवर टिचक्या मारून बघायचा. मी गवंडी माणूस, चौथीत शाळा सोडली ती थापी हातात धरायला. ती भिंत माझ्या हातची. "वाजवतो काय? पोकळ आहे का?" तर पुढची भिंत वाजवायचा. पिठाच्या डब्याचं झाकण उघडायचा. शेजारणीला विचारून गेला, हे रात्री पितात का म्हणून. मला वाटलं, ह्याचा डोळा बायकोच्या तांब्याच्या हंड्यावर आहे. तोंडावर विचारलं.

"हंडा नको मला," तो म्हणाला. "दाजी, तुमच्या डब्यात पिठाला जाळी धरली. स्टोव्ह गार. ठमीसाठी बघत होतो. पण नाय जमायचं."

मी मागितलीच नव्हती! न मागता नापास झालो. असला संताप आला, की त्याच दिवशी गिरणीवर जाऊन बाजरी दळून आणली आणि भाकऱ्या थापल्या. जाड झाल्या, करपल्या, पण झाल्या. रोज करत राहिलो, त्याच्या नाकावर टिच्चून. तो यायचा, भाकरी मोडून आत बघायचा आणि मान हलवत जायचा.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो टांगा करून आला. सोबत त्याची बायको, पायाशी ठमी. दमा सांभाळत त्या माउलीनं दारात कुत्रीची ओटी भरली, खण-नारळासकट. ठमीनं आधी तांदूळ हुंगले, मग खण, मग मला. कुणाच्या हाताखाली वाढली ते लगेच कळलं. मी चहा टाकला. त्यानं कप बाजूला सारला.

"आता नको, दाजी. दिल्या घरचं पाणी बाप पीत नाय."

"अरे, ते लेकीला मूल होईपर्यंत असतं."

"मग हिला आता व्हनारे का?"

आणि त्यानं ते पाळलं. रोज यायचा, ओट्यावर बसायचा, घरून आणलेलं पाणी बाटलीतून प्यायचा. तिचे कान उलटून बघायचा, फासळ्या चाचपायचा, मग माझ्याकडं बघायचा. पुढची भाऊबीज आली तेव्हासुद्धा बाहेरच बसला. आत बोलावणारी नव्हती, आणि मला बोलावता आलं नाही.

ठमी एका थंडीत झोपेतच गेली. आम्ही दोघांनी मिळून तिला परसात पुरलं. हातपाय धुतले. तो ओट्याकडं वळला, थांबला आणि आत येऊन बसला.

"दाजी, चहा टाका."

मी टाकला. त्यानं कप उचलला आणि न हुंगता प्यायला लागला. मी माझा घोट घेतला तेव्हा कळलं, साखर घालायची राहिली होती. त्यानं मात्र सगळा कप संपवला.